विंबल्डनचा एक सामना आणि खांद्याचा शीण

इ. स. १९३४ मध्यें लंडनांतील विंबल्डनच्या हिरवळीवर लीला राव यांनीं ग्लॅडिस साउथवेल यांचा ४-६, १०-८, ६-२ असा पराभव केला. त्या स्पर्धेंत सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित हे त्यांचे आजोबा, आणि संस्कृतांत काव्यरचना करणाऱ्या पंडिता क्षमा राव या त्यांच्या मातोश्री.

अशा विजयाचे आंकडे इतिहास जपून ठेवतो. परंतु त्यांसाठीं खांद्यास काय सोसावें लागतें, हें सहसा कोणी वाचीत नाहीं. या सामन्यांत ३६ गेम झाले. सर्व्हिस आळीपाळीनें होत असल्यामुळें प्रत्येकीच्या वांट्यास १८ गेमांची सर्व्हिस आली. चार गुणांवांचून गेम संपत नाहीं. म्हणजे किमान ७२ वेळां सर्व्हिस करणें आलें. इतर फटके वेगळेच.

खांदा हा शरीरांतील सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा व त्याची खोबण उथळ. म्हणून गोळा जागेवर राखण्याचा भार सभोंवतालच्या चार लहान स्नायूंवर व खवाट्यास धरून ठेवणाऱ्या स्नायूंवर पडतो. छातीचे व पाठीचे मोठे स्नायू हात वेगानें पुढें फेंकतात. फटका बसल्यावर तोच हात खांद्यामागील लहान स्नायूंस आवरावा लागतो. घाट उतरतांना गाडी ओढण्यापेक्षां आवरणेंच बैलांस जड जातें, तसेंच हें.

स्नायूंचा थकवा यंत्रानें मोजण्याचें श्रेय इटलींतील तुरिन येथील आंजेलो मोस्सो यांस आहे. एका बोटानें पुनःपुन्हां वजन उचलावयास लावून, त्याची उंची कशी घटत जाते हें त्यांनीं रेषांनीं दाखविलें. १८९१ सालीं त्यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें खेळाडूंचे खांदे तपासतां असें दिसून आलें कीं, थकवा केवळ बळ हिरावीत नाहीं, तर हालचालीची रीतच बदलतो. आवरणारे स्नायू शिणले कीं खवाटा नीट वळत नाहीं, गोळा किंचित् वर सरकूं शकतो, व वरच्या हाडाखालील कंडरा दाबली जाऊन घासूं लागते. हात कोठें आहे ही जाणीवहि मंदावते आणि नेम चुकतो. तरीहि खेळ रेटला, तर आजचा शीण उद्यांची इजा ठरूं शकतो.

म्हणून आवरणाऱ्या स्नायूंस बळ देणें, पाय व कमर यांचा जोर फटक्यांत आणणें आणि वेळींच विश्रांति घेणें, हीं खेळाचींच अंगें होत. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे यांच्या धाराशिवांत खोखो खेळणाऱ्या मुलींसहि, शिणणारा अवयव वेगळा असला तरी, हाच नियम लागू आहे.

पहिला सेट गमावून, एकूण २८ गेम खेळून झाल्यावर लीला राव यांनीं तिसरा सेट ६-२ असा जिंकला. त्या विजयाचें मोल या शेवटच्या आंकड्यांत आहे.