पाळणाघर आणि थोरली बहीण

पाळणाघर म्हणजे नोकरी करणाऱ्या स्त्रीची सोय, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. अपुरा मात्र आहे.

पॅरिसमध्ये १८४४ साली फिरमँ मार्बो ह्या गृहस्थांनी मजूर स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पहिले पाळणाघर उघडले. दोन वर्षांवरील मुलांसाठी त्या नगरात शिशुशाळा होत्या. त्याहून लहान बाळ मजुरीला जाताना कोठे ठेवावे, ह्याची व्यवस्था नव्हती. मार्बो यांनी संस्थेस ‘क्रेश’, म्हणजे गव्हाण, असे नाव दिले. बेथलेहेमात ज्या बाळाला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याला गव्हाणीने आसरा दिला. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी केलेली जागा, हाच त्या नावाचा भाव.

भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक ठरविले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली गेली. कायद्याच्या नजरेसमोर आई होती, बाळ होते. तिसरे मूल मात्र नजरेआड राहिले.

ते तिसरे मूल ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तेथली. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत आणखी एक अडचण उभी राहिली. आईबाप कामावर गेले की धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर येई आणि तिची शाळा तेथेच संपे. तिला बोल लावून काय उपयोग? कडेवरचे ओझे उतरल्यावाचून हातात पाटी येणार कशी? म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडण्यात आली. बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली शेजारच्या वर्गात.

१९७५ साली अंगणवाडी ही राष्ट्रीय योजना झाली. लहानग्यांना आहार व लस मिळू लागली. दिवसभराचा सांभाळ मात्र सहसा तिच्या कामात बसला नाही. म्हणून पाळणाघराचा उपयोग मोजताना केवळ पाळणे मोजू नयेत. शेजारच्या शाळेच्या पटावर किती थोरल्या बहिणींची नावे परत आली, तेही मोजावे.