अर्धवट राहिलेला डाव

हॉस्टेलमधली गोष्ट. शेवटची परीक्षा संपलेली, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी जाणार. रात्री मी आणि माझा रूममेट कॅरमला बसलो. दोघांनी दोन-दोनशे रुपये काढले. जो आधी तीन बोर्ड मारेल, चारशे त्याचे. तो २-१ ने पुढे असताना लाईट गेली. तासभर वाट पाहिली, आली नाही. सकाळी सहाला त्याची एसटी होती. "डाव पूर्णच झाला नाही, म्हणजे ज्याचे पैसे त्याला," असा मुद्दा मी लावून धरला. "अरे पण मी पुढे होतो ना!" एवढंच तो म्हणत राहिला. "मग मी तुला किती द्यायचे, सांग," यावर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझे दोनशे मी खिशात घातले. दोन इंजिनिअर, आणि चारशे रुपये वाटता येईनात!

पुढे कधीतरी वाचताना कळलं की युरोपातले गणिती याच प्रश्नावर दीडशेहून जास्त वर्षं अडून बसले होते. आणि तो सुटला तेव्हा संभाव्यतेच्या गणिताची खरी सुरुवात झाली.

१४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने आपल्या ग्रंथात याचं एक उत्तर दिलं. जितके डाव जिंकले त्या प्रमाणात वाटा. २-१ असेल तर दोन भाग याला, एक भाग त्याला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण १५५६ साली तार्ताल्याने नेमकी मेख दाखवली. १-० असताना खेळ थांबला तर? एकच डाव जिंकलेला माणूस सगळे पैसे घेऊन जाणार, मग खेळ शंभर डावांचा का असेना! तार्ताल्याने स्वतःचा तोडगा दिला खरा, पण हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा आहे, कसाही सोडवला तरी भांडणाला जागा राहणारच, असंही त्याचं मत होतं.

गंमत म्हणजे तो सोडवणाऱ्या दोघांपैकी एक न्यायालयातलाच माणूस निघाला. पिएर द फर्मा. नोकरी तुलूझच्या न्यायालयात, गणित फावल्या वेळात. (म्हणजे आपल्या वीकेंडच्या लिखाणासारखंच, दर्जा तेवढा वेगळा :) ) दुसरा पॅरिसचा ब्लेझ पास्कल. साल १६५४, पास्कल ३१ वर्षांचा. जुगाराची गणितं त्याच्यापुढे आणली शेवालिए द मेरे नावाच्या एका माणसाने.

या मेरेची आणखी एक शंका होती. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडेल यावर पैज लावणं फायद्याचं आहे. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्हीवर सहा पडतील, ही पैजही तशीच हवी ना? सहात चार, तसे छत्तीसात चोवीस. पण तसं होत नाही. इथे युक्ती अशी, की सहा न पडण्याची शक्यता मोजायची. चारही वेळा सहा न पडण्याची शक्यता ६२५/१२९६, म्हणून पडण्याची ६७१/१२९६, साधारण ५१.८ टक्के. दोन फाशांसाठी हाच हिशेब केला की उत्तर येतं ४९.१ टक्के. एक पैज निम्म्याच्या जरा वर, दुसरी जरा खाली!

आता अर्धवट डाव. फर्माची रीत मोजणीची. २-१ असताना जास्तीत जास्त दोन बोर्डांत निकाल लागणार. त्या दोन बोर्डांचे निकाल चारच प्रकारे लागू शकतात, आणि त्यातले तीन पुढे असलेल्याला जिंकून देतात. म्हणून वाटणी ३:१. यावर रोबेर्वाल या गणितज्ञाने आक्षेप घेतला की पहिलाच बोर्ड पुढच्याने मारला तर खेळ तिथेच संपतो, न खेळलेला बोर्ड कसला मोजता? उत्तर सोपं आहे. तो उगाच खेळला असं मानलं तरी पैसे कोणाचे हे बदलत नाही, आणि चारही प्रकार सारख्या शक्यतेचे राहतात.

पास्कलने २९ जुलै १६५४ च्या पत्रात उलटीकडून हिशेब मांडला. आमचेच आकडे घालतो. पुढचा बोर्ड मित्राने मारला तर त्याला ४००. हरला तर २-२, म्हणजे २००. तेव्हा २०० त्याचे काहीही झालं तरी नक्की. उरलेल्या २०० वर दोघांचा सारखाच हक्क, म्हणून आणखी १००. एकूण ३००. आपण ज्याला रिकर्शन म्हणतो ते हेच, शेवटापासून मागे येत जाणं.

पाचोली मागे बघत होता, किती डाव झाले ते. या दोघांनी पुढे बघितलं, काय काय होऊ शकतं ते. १६५७ साली हायगेन्सने ही पद्धत पुस्तकात मांडली. आणि १६७१ साली हॉलंडच्या योहान द वित्तने तीच वापरून आजन्म पेन्शनची किंमत काढली. म्हणजे जुगाराचं गणित सतरा वर्षांत माणसाच्या आयुष्याला लागू झालं. शेवटी तोही अर्धवट डावच की.

असो. तर त्या रात्री माझे फक्त शंभर रुपये होते, मी दोनशे घेतले. तेही दोघं सारखे खेळतो असं धरून. प्रत्यक्षात तो माझ्यापेक्षा बराच बरा खेळायचा. मागच्या रविवारी त्याला शंभर रुपये पाठवून दिले. लगेच मेसेज आला, "कसले रे हे?"

त्यालाच उत्तर म्हणून एवढं लिहिलं.