रिपोर्ट नॉर्मल, मग अक्षरे का हलतात?
(डोक्याला मार लागल्यानंतर रेंगाळणारे डोळ्यांचे त्रास आणि व्हिजन थेरपीचा इतिहास)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण वडिलांबरोबर दवाखान्यात आला. दोन महिन्यांपूर्वी तो दुचाकीवरून पडला होता. क्षणभर शुद्ध हरपली, एक उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडले. आता त्याची तक्रार एकच होती. "डॉक्टर, दहा मिनिटे वाचले की ओळी एकमेकींत मिसळतात. डोके जड होते. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते." चष्म्याचा नंबरही तपासून झाला होता. तोही नॉर्मल.

वडील वैतागले होते. "अभ्यास म्हटला की याचे डोळे दुखतात!"

मी रिपोर्ट चाळले, "काही नाही, टेन्शन घेऊ नकोस" म्हणालो आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. ती माझी चूक होती. ती चूक किती जुनी आहे, हे मला नंतर वाचन करताना कळले. आज तोच इतिहास सांगतो.

कन्कशन म्हणजे काय?

डोक्याला जोराचा झटका बसला की मेंदू कवटीत हिंदकळतो. रक्तस्राव होत नाही, हाड मोडत नाही, पण मेंदूच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. याला कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसते. विस्कळीत झालेले काम दिसत नाही.

वाचताना आपले डोळे एकाच वेळी तीन कामे करतात. दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने सारखे आत वळतात (याला अभिसरण म्हणतात), जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून फोकस बदलतात, आणि एका शब्दावरून पुढच्या शब्दावर नेमकी उडी मारतात. या तिन्ही कामांची सूत्रे मेंदूतल्या अनेक भागांच्या हातात असतात. म्हणून डोळा निरोगी आणि नंबर ठीक असूनही वाचन अवघड होऊ शकते.

"ढोंग करतोय!"

बाहेरून जखम नसतानाही मेंदूला धक्का बसू शकतो, हे दहाव्या शतकाच्या सुमारास इराणी वैद्य अल-राझी यांनी ओळखले होते. पण ओळखणे वेगळे आणि रुग्णावर विश्वास ठेवणे वेगळे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे आली आणि तिच्याबरोबर अपघातही आले. हाडे शाबूत असलेले प्रवासी अनेक महिने डोकेदुखी, विसराळूपणा आणि थकवा यांच्या तक्रारी करत. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ मध्ये अशा रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि मज्जासंस्थेला बसलेल्या हादऱ्याचे हे परिणाम असल्याचे मांडले. प्रश्न नुकसानभरपाईचा होता, त्यामुळे वाद कोर्टापर्यंत गेला. एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये उलट बाजू मांडली. यातले बरेचसे भीतीमुळे आणि मनामुळे होते, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांच्याही बोलण्यात तथ्याचा अंश होता. पण मधल्या मध्ये रुग्ण संशयित ठरला.

पहिल्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिकत छापली. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव यांवर परिणाम झाला होता. 'शेल शॉक' हा शब्द या लेखामुळे वैद्यकात रुजला. पुढे अशा कित्येक सैनिकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला.

बंदुकीच्या गोळीने काढलेला नकाशा

मेंदू आणि दृष्टी यांचे नाते समजले तेही युद्धातूनच. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातील रायफलींच्या गोळ्या लहान आणि वेगवान होत्या. त्या कवटीतून आरपार जात आणि सैनिक अनेकदा वाचे. जखमींची दृष्टी किती गेली हे तपासण्याचे काम जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोये यांच्याकडे होते, कारण त्यावर पेन्शन ठरणार होती. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली आणि नजरेचा कोणता भाग गेला, याची सांगड घालून त्यांनी मेंदूतील दृष्टिकेंद्राचा नकाशा १९०९ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यानंतर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी जखमी सैनिकांमध्ये आणखी एक गोष्ट पाहिली. काहींना वस्तू स्पष्ट दिसे, पण ती नेमकी कुठे आणि किती अंतरावर आहे हे कळत नसे, नजर तिच्यावर स्थिर करता येत नसे. या जखमा फार गंभीर होत्या, कन्कशनशी त्यांची बरोबरी नाही. पण धडा मोलाचा होता: 'दिसणे' आणि 'नजर नीट वापरता येणे' ही दोन वेगळी कामे आहेत.

व्यायामाची सुरुवात पॅरिसमध्ये

आता उपचाराकडे येऊ. त्याची सुरुवात मेंदूच्या इजेतून झाली नाही, तिरळेपणातून झाली. फ्रान्सचे एमिल जावाल (१८३९-१९०७) मूळचे अभियंते. त्यांच्या वडिलांना आणि बहिणीला तिरळेपणा होता. त्या ओढीने ते डॉक्टर झाले. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवून त्यांचे एक चित्र भासवणारा स्टिरिओस्कोप तेव्हा घरोघरी करमणुकीचे साधन होता. जावाल यांनी त्याचा उपयोग दोन्ही डोळ्यांना एकत्र काम करायला शिकवण्यासाठी केला. वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत, थांबत थांबत उड्या मारत जातात, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांतून पुढे आले. दुर्दैव असे की उतारवयात काचबिंदूने त्यांची स्वतःची दृष्टी गेली.

पुढे इंग्लंडमध्ये क्लॉड वर्थ यांनी असे व्यायाम देण्यासाठी उपकरण बनवले. नेत्रतज्ज्ञ अर्नेस्ट मॅडॉक्स यांची मुलगी मेरी मॅडॉक्स वडिलांकडून हे काम शिकली आणि पहिली ऑर्थॉप्टिस्ट म्हणून ओळखली गेली. १९४० च्या दशकात, महायुद्धातील जखमींची तपासणी करताना, डोक्याला मार लागल्यानंतर अभिसरण कमी पडते याच्या नोंदी ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ करू लागले. इथे इजा आणि व्यायाम यांचे धागे जुळले.

औषधापेक्षा जाहिरात मोठी

पण खऱ्या उपायाभोवती दाव्यांचे रान माजले. अमेरिकेत विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो असे सांगणारे पुस्तक काढले. चष्म्याचा नंबर हा मुख्यतः डोळ्याच्या आकाराशी निगडित असतो, तो अशा व्यायामाने जात नाही. तरीही ही पद्धत जगभर पसरली, आपल्याकडेही. दुसरीकडे काही जण व्हिजन थेरपीने वाचनदोष आणि अभ्यासातील अडचणी बऱ्या होतात असे सांगू लागले. अखेर २००९ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्रितपणे जाहीर केले की डिस्लेक्सियासारख्या दोषांवर या थेरपीचा उपयोग होतो याला पुरावा नाही.

मग कसोटी लागली

२००८ मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. या मुलांना कन्कशन झालेले नव्हते, त्यांचे अभिसरण कमी पडत होते. चार गट केले. एका गटाला खरी वाटणारी, पण अभिसरणाला व्यायाम न देणारी लुटुपुटीची थेरपी दिली. १२ आठवड्यांनंतर क्लिनिकमध्ये खरी थेरपी घेतलेल्यांपैकी ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. लुटुपुटीच्या थेरपीत हे प्रमाण ३५ टक्के, तर फक्त घरी पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांत ४३ टक्के होते. म्हणजे योग्य दोषावर योग्य थेरपी काम करते. आणि नुसत्या धीराने व वेळेनेही तिघांपैकी एकाला बरे वाटते!

त्याच मंडळींनी २०१९ मध्ये पुढचा प्रश्न तपासला: यामुळे वाचलेले समजण्याची क्षमता वाढते का? उत्तर आले, लुटुपुटीच्या थेरपीपेक्षा जास्त वाढत नाही. स्वतःच्या उपचाराच्या मर्यादा असे मोकळेपणाने सांगणारे संशोधक मला विश्वासाचे वाटतात.

कन्कशनबाबत २०१६ मध्ये अमेरिकेतील १०० किशोरवयीन रुग्णांचा अभ्यास आला. ६९ टक्के मुलांत डोळ्यांच्या कामाचा किमान एक दोष सापडला. हे रुग्ण कन्कशनच्या खास क्लिनिकमधले होते, त्यामुळे प्रत्येक कन्कशनला हा आकडा लावू नये. त्यानंतर ११ ते २५ वयोगटातील, कन्कशननंतर अभिसरण बिघडलेल्या रुग्णांवर चाचणी झाली. लगेच थेरपी घेणाऱ्यांचे अभिसरण, सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त सुधारले. मात्र त्यात लुटुपुटीच्या थेरपीचा गट नव्हता. आशा वाढली आहे, शेवटचा शब्द अजून बाकी आहे.

तुम्ही काय करावे?

• डोक्याला मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, फिट, नव्याने एकाचे दोन दिसणे किंवा एक बाहुली मोठी होणे यांपैकी काहीही आढळल्यास थेट रुग्णालय गाठा. तिथे व्यायामाचा विचारही नको.
• बहुतेकांचे कन्कशन काही आठवड्यांत आपोआप बरे होते. एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तसे हळूहळू काम. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका.
• महिन्यानंतरही वाचताना त्रास होत असेल तर नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट सांगा, "डोक्याला मार लागला होता, अभिसरण आणि फोकसही तपासा." फक्त नंबर तपासून भागत नाही.
• थेरपी सुचवली तर तीन प्रश्न विचारा: नेमका दोष कोणता? तो किती, मोजून सांगाल का? किती आठवड्यांनी पुन्हा मोजणार? उत्तरे मिळाली नाहीत, किंवा "चष्माही सुटेल, मार्कही वाढतील" असे ऐकू आले, तर पैसे भरण्याआधी दुसरे मत घ्या.

तो तरुण महिन्याभराने पुन्हा आला. तक्रार तीच होती. या वेळी मी त्याला पेन्सिलच्या टोकाकडे बघायला सांगितले आणि पेन्सिल हळूहळू नाकाकडे आणली. साधारणपणे ६ सेंटीमीटरपर्यंत टोक एकच दिसायला हवे. त्याला एक वीतभर अंतरावरच दोन टोके दिसू लागली आणि एक डोळा बाहेर सरकला. वडील शेजारीच उभे होते, त्यांनीही ते पाहिले. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवून रीतसर व्यायाम सुरू केले. तीन महिन्यांत तो तासभर वाचू लागला. व्यायामाने की वेळेने, हे एका रुग्णावरून मी सांगू शकत नाही. पण पहिल्याच भेटीत पेन्सिल उचलायला मला अर्धा मिनिट लागला असता, एवढे मात्र सांगू शकतो.

आणि हो, दुचाकीवर हेल्मेट घाला. आपली काळजी घ्या.