टीएपीव्हीसी: फुप्फुसाच्या चारही शिरा चुकीच्या जागी जोडल्या जातात तेव्हा

बाळ जन्मते, रडते, दूधही ओढते. काही आठवड्यांनी मात्र ते दूध पिताना दमू लागते, कपाळावर घाम येतो, श्वास भराभर चालतो, वजन वाढत नाही. भोसरी-चाकणच्या दवाखान्यात असे बाळ आले की आधी न्यूमोनियाचा संशय येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण औषधांनी फरक पडत नसेल, तर हृदय तपासायला हवे. मागे लपलेल्या कारणांपैकी एक म्हणजे टोटल ॲनोमलस पल्मनरी व्हीनस कनेक्शन, म्हणजेच टीएपीव्हीसी. साधारण १० हजार जन्मांमागे एखाद्या बाळात हा दोष आढळतो.

रक्ताची वाट कुठे चुकते?

फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त चार शिरांमधून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येते आणि तिथून शरीरभर जाते. टीएपीव्हीसीमध्ये या चारपैकी एकही शीर डाव्या कप्प्याला जोडलेली नसते. सगळे शुद्ध रक्त फिरून उजव्या बाजूला, अशुद्ध रक्तात मिसळते. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तरच यातले थोडे रक्त डावीकडे पोहोचते. एरवी ‘हृदयाला छिद्र’ म्हटले की घरच्यांचे धाबे दणाणते. इथे तेच छिद्र बाळाला जगवत असते.

गर्भात याचा त्रास होत नाही, कारण तिथे प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो.

निम्म्या-अधिक नाही तरी जवळपास निम्म्या बाळांत या शिरा हृदयाच्या वरच्या बाजूने जोडलेल्या असतात. सर्वांत धोक्याचा प्रकार खालचा. त्यात शीर छातीचा पडदा ओलांडून यकृताकडे उतरते आणि वाटेत दबते. रक्त फुप्फुसांत तुंबते आणि बाळ जन्मानंतर काही तासांतच निळे पडू शकते. तेव्हा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

डोळ्यांवर विसंबू नये

सावळ्या कातडीवर निळसरपणा सहज दिसत नाही; जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून केलेली तपासणी अधिक उपयोगी. आकडा ९० च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी करतात. ९० ते ९४ असेल तर पुन्हा मोजतात. तरीही काही बाळे यातून निसटतात. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र मोठ्यांचे आहे, तान्ह्या बाळासाठी ते धरू नये. निदान पक्के होते ते टूडी इकोने.

औषधाने हा दोष बरा होत नाही. शस्त्रक्रियेशिवाय बहुतेक बाळे वर्षभरही जगत नाहीत. शस्त्रक्रियेत बाळाला हार्ट-लंग मशीनवर घेऊन चारही शिरा जिथे एकत्र येतात तो भाग डाव्या कप्प्याला शिवतात आणि छिद्र बंद करतात. असे काम पुण्या-मुंबईतल्या मोजक्याच केंद्रांत होते.

चाकण-पिंपरीतल्या कुटुंबासाठी

इथल्या कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भातून आलेली आहेत. बाळंतपण माहेरी होते, बाळ दोन-तीन महिन्यांनी चाकणला येते आणि जन्माचे कागद गावीच राहतात. डिस्चार्ज कार्ड आणि जन्मावेळचे वजन सोबत असेल, तर डॉक्टरांना वजनवाढ लगेच ताडता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष येतात. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला किंवा आशाताईंना सांगता येते. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. कंत्राटी कामगारालाही ईएसआय लागू असू शकते (वेतनमर्यादा २०१७ पासून महिना २१ हजार रुपये), म्हणून पगारपत्रकात त्याची कपात पाहावी आणि बाळाचे नाव कुटुंबात नोंदवून घ्यावे. आजारपण आल्यावर ही नोंद करायला धावाधाव होते.

शस्त्रक्रिया चांगली झाली तर बहुतेक मुले शाळेत जातात, खेळतात. पण शिवलेल्या जागी किंवा शिरांमध्ये पुन्हा अरुंदपणा येऊ शकतो, आणि तो बहुधा पहिल्या वर्षातच दिसतो. म्हणून मूल ठणठणीत वाटले तरी इकोची ठरलेली तारीख चुकवू नये.