‘ब्रेक आउट’चें मराठी आणि क्रांति चौक

इंग्रजी क्रियापदामागें एखादें लहानसें अव्यय लागलें कीं अर्थास किती वाटा फुटतात, हें भाषांतरास बसल्यावांचून कळत नाहीं. ‘ब्रेक आउट’ हेंच पाहा. ह्या एका क्रियापदासाठीं मराठींत आग लागते, पटकीची साथ येते, अंगावर पुरळ उठतें, कपाळास घाम फुटतो, युद्धास तोंड फुटतें आणि कैदी तुरुंग फोडून पळतात. यांत मराठीचें दारिद्र्य नसून सूक्ष्मपणा आहे, असें आम्हांस वाटतें. मात्र तो सूक्ष्मपणा भाषांतरकारावर जबाबदारी टाकतो. विशेषतः तो इतिहास लिहूं लागला म्हणजे.

१८५७ विषयींच्या इंग्रजी ग्रंथांत हें क्रियापद पदोपदीं भेटतें. औरंगाबादचेंच उदाहरण घेऊं. जून १८५७ मध्यें तेथें हैदराबाद कंटिंजंटचा पहिला रिसाला होता. ही फौज निजामाच्या नांवाची, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमांतली. आपणांस दिल्लीच्या बादशहावर चालवून नेणार, अशी वार्ता पसरतांच स्वारांनीं जाण्याचें नाकारलें. पुण्याकडून जनरल वुडबर्न सैन्य घेऊन आला. कित्येक स्वार निसटले. सांपडलेल्यांपैकीं कोणास फांशीं दिलें, कोणास तोफेच्या तोंडीं. त्या देहदंडाची आठवण काळ्या चबुतऱ्याशीं निगडित असून तो परिसर आज क्रांति चौक या नांवानें ओळखला जातो.

ह्या घटनेस कोणतें क्रियापद द्यावें? ‘बंड उद्भवलें’ म्हटलें तर तें साथीच्या रोगाप्रमाणें आपोआप आलेलें दिसतें. ‘स्वारांनीं बंड केलें’ म्हटलें तर कर्ता सांपडतो, पण त्याबरोबर अपराधहि त्याच्या माथीं बसतो. ‘स्वारांनीं उठाव केला’ यांत मात्र कर्ताहि आहे आणि त्याचा निश्चयहि.

नामाचा प्रवासहि असाच झाला. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापला गेला, तेव्हां त्यास ‘बंडाची हकीकत’ म्हणण्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. १९०९ च्या ग्रंथांत सावरकरांनीं त्याच घटनेस स्वातंत्र्ययुद्ध म्हटलें. ‘क्रांति’ हा शब्द तर मूळचा ज्योतिष्यांचा. सूर्याच्या भासमान मार्गास क्रांतिवृत्त म्हणतात. तो राज्यांच्या उलथापालथीस लागला, आणि पुढें औरंगाबादेंत चौकाचें नांव झाला.

तरीहि एक उणीव राहतेच. ‘बंड’ काय किंवा ‘क्रांति’ काय, दोन्ही नामें होत. त्यांत कर्ता नाहीं. दिल्लीवर जाण्यास नकार देणारा स्वार चौकाच्या पाटीवर मावत नाहीं. त्याला जागा द्यावयाची ती इतिहासकारानें आपल्या वाक्यांत. आणि मराठी वाक्यांत तशी जागा आहे.