रंगीत चित्राचे मोल

दूरचित्रवाणीला रंग आला, तेव्हा त्याचे मोल कोणी द्यावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९५१ साली अमेरिकेत सी. बी. एस. ने फिरत्या रंगीत तबकडीची पद्धत आणली. रंग सुरेख उमटत. परंतु लोकांच्या घरी असलेल्या एक कोटीहून अधिक कृष्णधवल संचांवर ते प्रक्षेपण नीट दिसतच नसे. चार महिन्यांत ते बंद पडले.

१९५४ साली आर. सी. ए. चा संच विक्रीस आला. किंमत १,००० डॉलर, चित्रनलिका अवघी १५ इंची! पडद्यावर तांबडे, हिरवे, निळे असे लक्षावधी ठिपके, आणि त्यांच्यामागे बारीक छिद्रांची धातूची जाळी. तीन इलेक्ट्रॉन-शलाका त्या छिद्रांतून आपापल्या रंगाचे ठिपके गाठीत. पण बहुतेक इलेक्ट्रॉन जाळीवरच अडून व्यर्थ जात आणि चित्र मंद दिसे. मात्र तेच प्रक्षेपण जुन्या संचावर कृष्णधवल रूपात उमटे. नवलाईचा भार हौशी धनिकाने वाहावा, हा न्याय मला रास्त वाटतो. कंपनीच्या हिशेबनिसांना तो तसा वाटला नसावा, कारण गिऱ्हाईक कित्येक वर्षे थबकूनच राहिले. आपल्याकडे १९८२ साली रंग आला, तेव्हा घरचे कृष्णधवल संच चालू राहिले ते याच तत्त्वामुळे.