नाव आणि रूप : मजकुराच्या ‘स्टाइल’ची गोष्ट

जुनी हस्तलिखित पोथी उघडली की काळ्या ओळींमध्ये अधूनमधून लाल अक्षरे भेटतात. अध्यायाची समाप्ती, ‘उवाच’सारखे शब्द, दंड, श्लोकांचे आकडे. कुठे हिंगुळाची शाई, कुठे अक्षरांवर नुसता गेरूचा हात फिरवलेला. लेखकू त्यातून वाचणाऱ्याला सांगत असे की हा मजकूर वेगळ्या जातीचा आहे. पण ती जात सांगायला त्याच्याजवळ रंगाखेरीज साधन नव्हते. शाई वाळली की नाव आणि रूप कायमचे एकत्र चिकटले.

छापखान्याने या दोहोंत थोडे अंतर पाडले. संपादक हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने ‘मथळा’, ‘उपमथळा’, ‘तळटीप’ एवढेच लिही. मथळ्याला कोणते खिळे लावायचे हे छापखान्याची रीत ठरवी. कागदावर नाव होते, रूप कंपोझिटरच्या हातात होते. आज वर्ड प्रोसेसरमध्ये आपण स्वतःची ‘स्टाइल’ तयार करून जपून ठेवतो, तेव्हा हीच जुनी वाटणी पुन्हा करत असतो. मध्यंतरी ती हरवली होती, आणि ती परत कशी आली हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

जुळणीच्या कामात संगणक आला तेव्हा यंत्राला प्रत्येक जागी रूपच सांगावे लागे : हा फॉन्ट, हा आकार, एवढी जागा सोड. यंत्र बदलले की सारी खुणावणी नव्याने करायची. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात झालेल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मांडले की मजकुराचा आशय आणि त्याची मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे ग्रंथ-आरेखक स्टॅनली राइस पुस्तकाच्या घटकांना सर्वत्र चालतील अशी नावे देण्याचा विचार मांडत होते. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी तो प्रत्यक्षात आणला. त्यांच्या खुणाभाषेचे नाव जीएमएल. ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आहेत. गोल्डफार्ब मूळचे वकील, आणि काम होते वकिलांच्या कार्यालयातील दस्तऐवजांचे. एकच दस्तऐवज संपादित करायचा, त्यात शोध घ्यायचा आणि तो छापायचाही, तर ‘हे ठळक’ एवढी खूण पुरत नाही. ‘हे कलम’, ‘हे शीर्षक’ असे सांगावे लागते.

दुसरा प्रवाह कॅलिफोर्नियातला. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा संपादक-प्रोग्राम उभा केला. पडद्यावर जे दिसते तेच कागदावर उमटावे, ही त्याची कमाल. मात्र या सोयीला दुसरी बाजू होती. डोळ्यांना मोठे आणि ठळक दिसले की माणसाला तो मथळा वाटतो. यंत्राला ती फक्त मोठी अक्षरे असतात. हंगेरीत जन्मलेले सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ‘स्टाइल शीट’ होती. पडद्यावर रूप दिसत होते आणि त्यामागे नावही ठेवता येत होते. पुढे वेबवर हाच पेच पडला. १९९४ मध्ये होकोन विउम ली यांनी त्यावर सीएसएसची कल्पना सुचवली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचा पहिला मानक मसुदा संमत झाला.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक खोल गेला, कारण युनिकोड रुळण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टांत खुद्द अक्षरसुद्धा केवळ रूप होते. फाइलीत साठवलेले असत इंग्रजी अक्षरांचे संकेत. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी मुखवटा चढवी. फॉन्ट बदलला की ज्ञानोबा-तुकोबांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा उरे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते, युनिकोडमधील देवनागरीही त्याच्याच आधीच्या रूपावर बेतलेली. पण सर्वसामान्यांच्या संगणकावर युनिकोड देवनागरी पोहोचली ती विंडोज २००० पासून, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या ‘मंगल’ फॉन्टासह. तेव्हा कुठे ‘क’ला स्वतःचे नाव मिळाले, आणि फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहू लागला. स्टाइल ही त्याच्या पुढची पायरी : अक्षराला नाव मिळाले, आता परिच्छेदाला द्यायचे.

मी विद्यापीठाबाहेर राहून मोडी कागदांचे देवनागरीकरण करतो. मोडीत शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही, कागद जागोजागी फाटलेला. पत्रात ‘छ’ने सुरू होणारी चांद्र तारीख असते, शेजारची इंग्रजी तारीख मी घातलेली असते. कागदाचे शब्द कोणते आणि माझे कोणते, हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कळले नाही तर ते लिप्यंतर पुरावा म्हणून निकामी आहे. म्हणून मी चार स्टाइली केल्या आहेत : ‘संदिग्ध वाचन’, ‘फाटलेला भाग’, ‘संपादकाची भर’, ‘तारीख’. त्यांची नावे ‘लाल’, ‘तिरपे’ अशी मुद्दाम ठेवली नाहीत. एका संपादकाला चौकटी कंस हवे असतात, दुसऱ्याला तिरपी अक्षरे. ‘शोधा आणि बदला’मध्ये स्टाइल निवडून सर्व संदिग्ध जागांना एकदम कंस घालता येतात.

करायला हे अवघड नाही. वर्डमध्ये स्टाइलींची चौकट उघडून ‘न्यू स्टाइल’ निवडावे आणि नाव द्यावे. ती पूर्ण परिच्छेदाला लागेल की ओळीतल्या काही अक्षरांनाच, हे ठरवावे. माझ्या चारही अक्षरांच्या आहेत. परिच्छेदाची स्टाइल असेल तर ती कोणत्या स्टाइलीवर आधारलेली आहे हेही पाहावे, कारण मूळ बदलले की तिच्यावर बेतलेल्या सगळ्या बदलतात. देवनागरीसाठी एक बारकावा आहे : वर्ड एकाच स्टाइलीत रोमन लिपीचा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा फॉन्ट व आकार वेगवेगळे साठवतो. रोमनचा आकार वाढवूनही मराठी अक्षरे तशीच राहिली तर कारण बहुधा हेच. लिबरऑफिसमध्येही असाच वेगळा कप्पा आहे.

मग जपणुकीचा प्रश्न. नवी स्टाइल एरवी त्या एका फाइलीपुरतीच राहते. टेम्प्लेटमध्ये ठेवण्याचा पर्याय निवडला तरच ती पुढच्या नव्या फाइलींत येते. दुसऱ्या संगणकावर न्यायची तर टेम्प्लेटची फाइल सोबत न्यावी. लिबरऑफिसमध्ये तो दस्तऐवजच टेम्प्लेट म्हणून साठवतात. आजची डॉक्स फाइल ही खरे तर झिप केलेले गाठोडे असते. ते सोडले की ‘स्टाइल्स डॉट एक्सएमएल’ नावाचा साधा मजकूर निघतो आणि त्यात आपण दिलेली नावे वाचता येतात. उद्या वर्ड नसले तरी ती वाचता येतील.

यात आणखी एका वाचकाचा हक्क गुंतलेला आहे. दृष्टिहीन व्यक्ती पडदा-वाचकाच्या मदतीने मजकूर ऐकते, आणि मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारत हवे ते प्रकरण गाठते. ‘हेडिंग’ स्टाइल लावलेली असेल तरच हे जमते. नुसत्या ठळक अक्षरांचा मथळा तिच्या लेखी नसतोच. तीनशे पाने तिला सलग ऐकावी लागतात.

आज मराठीत शेकडो हौशी अभ्यासक घरी बसून बखरी, वंशावळी, गावांची दप्तरे टंकलिखित करत आहेत. त्यांतले बरेच मूळ कागद पुढच्या पिढीपर्यंत टिकणार नाहीत. उरेल ती आपली फाइल. तिच्यात कागद काय म्हणतो आणि आपण काय म्हणतो याची सीमा नावानिशी लिहिलेली असावी, एवढे तर आपल्या हातात आहे. पोथीच्या लेखकूने मिळेल त्या शाईत ते काम केले होते.